सुगम्यतेची पट्टी आणि अडलेले काम: संकेतस्थळांविषयीच्या भारतीय नियमाचे चिकित्सक वाचन

भारतातल्या बऱ्याच सरकारी संकेतस्थळांच्या माथ्यावर एक अरुंद पट्टी असते. तिच्यात ‘अ-’, ‘अ’, ‘अ+’ अशी तीन बटणे असतात, पानाचे रंग उलटे करणारे दोन चौकोन असतात आणि ‘स्क्रीन रीडर ॲक्सेस’ नावाचा एक दुवा असतो. तुमच्या विद्यापीठाचे संकेतस्थळ उघडून पाहा, तिथेही ही पट्टी असण्याची शक्यता आहे. त्या दुव्यावर टिचकी मारली की स्क्रीन रीडरची, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालींची, एक यादी उघडते. अनेक संकेतस्थळांवर ही यादी जवळजवळ शब्दशः सारखी आहे. तिच्यात ‘विंडो-आइज’ हे नाव हमखास असते. या प्रणालीची विक्री २०१७ सालीच थांबली. यादी मात्र एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर उतरवली जात राहिली.

आता हे पान कोणासाठी आहे, याचा विचार करा. दृष्टिहीन व्यक्ती तो दुवा शोधून तिथे पोहोचली, याचा अर्थ तिच्याकडे स्क्रीन रीडर आधीपासून चालू आहे. त्याशिवाय ती तिथवर आलीच नसती. अक्षरे मोठी करण्याच्या बटणांचेही तसेच. ज्याला कमी दिसते तो आपल्या फोनची किंवा संगणकाची अक्षरे एकदाच मोठी करून घेतो आणि ती सगळीकडे मोठी दिसतात. एका संकेतस्थळापुरते चालणारे बटण त्याच्या फारसे कामाचे नाही. उलट, त्याने ब्राउझरमधून दुप्पट मोठे केलेले पान आडवे फाटते का, बटणे एकमेकांवर चढतात का, हे पाहायला हवे. ते पट्टीवरून कळत नाही.

ही पट्टी वापरणाऱ्यासाठी जेवढी आहे त्याहून अधिक तपासणाऱ्यासाठी आहे. ‘सुगम्यता आहे का?’ या प्रश्नावर ‘हो, हे पाहा’ असे बोट दाखवता यावे, हे तिचे मुख्य काम. या पाठात आपण ज्या नियमाचे वाचन करणार आहोत, त्याच्याविषयी माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. पानावर एखादी गोष्ट आहे की नाही, हे तो विचारतो. त्या पानावर आलेल्या माणसाचे काम पूर्ण झाले की नाही, हे तो विचारत नाही.

नियमाची भाषा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला. त्याने मान्यताप्राप्त दिव्यांगत्वांची संख्या ७ वरून २१ वर नेली. २०११ च्या जनगणनेत दिव्यांगांची नोंद २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के होती. ती जुन्या, मोजक्या प्रकारांच्या आधारे झालेली असल्यामुळे प्रत्यक्ष संख्या याहून मोठी मानावी लागते. या अधिनियमाचे कलम ४६ आपल्या विषयासाठी कळीचे आहे. सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, सुगम्यतेचे नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांत त्याने आपली सेवा त्या नियमांप्रमाणे द्यावी, असे ते सांगते. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे मुदत जून २०१९ मध्ये संपली.

कलम चांगले आहे. आता त्याखालचा नियम १५ पाहा. संकेतस्थळांबाबत तो दोनच गोष्टी सांगत होता. पहिली: संकेतस्थळ ‘भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वां’प्रमाणे असावे. दुसरी: संकेतस्थळावर ठेवायचे दस्तऐवज ‘ईपब’ किंवा ‘ओसीआर-आधारित पीडीएफ’ स्वरूपात असावेत. २०२३ साली नियमात दुरुस्ती होऊन आयएस १७८०२ हे भारतीय मानक त्याला जोडले गेले. तोपर्यंत सहा वर्षे या दोन ओळींवर काम चालले होते.

कवितेतला शब्द तपासतो तसा या ओळींतला एकेक शब्द तपासून पाहा.

पहिल्या ओळीत उल्लेखलेली मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली प्रथम आली. नावाप्रमाणे ती सरकारी संकेतस्थळांसाठी लिहिलेली होती. मजकुराची मालकी कोणत्या खात्याकडे, जुना मजकूर कुठे साठवायचा, राजमुद्रा कशी वापरायची, असे बरेच काही त्यांत आहे आणि सुगम्यता हा त्यांतला एक भाग आहे. नियम १५ मात्र ‘प्रत्येक आस्थापने’ला लागू होता. म्हणजे औषधे विकणाऱ्या किंवा टॅक्सी बोलावून देणाऱ्या खासगी कंपनीने सरकारी खात्यासाठी लिहिलेली पुस्तिका उघडून, तिच्यातले आपल्याला काय लागू आहे ते स्वतःच ठरवायचे. शिवाय मूळ पुस्तिका संकेतस्थळांविषयी होती. देशातली बहुतेक माणसे इंटरनेट फोनवरच्या ॲपमधून वापरू लागली, तरी ॲपची सविस्तर दखल २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीतच घेतली गेली.

दुसरी ओळ अधिक बोलकी आहे. ओसीआर म्हणजे छापील किंवा छायाचित्रित अक्षरे ओळखणारे तंत्र. ती दस्तऐवज वाचण्याची क्रिया आहे, दस्तऐवज तयार करण्याची पद्धत नव्हे. ‘ओसीआर-आधारित पीडीएफ’ म्हणजे नेमके काय? कागद स्कॅन करून त्यावर यंत्राने ओळखलेली अक्षरे अदृश्य थरात ठेवलेली फाइल, एवढाच अर्थ त्यातून निघू शकतो. म्हणजे संगणकावर टंकलेला मजकूर छापायचा, त्यावर सही-शिक्का करायचा, तो स्कॅन करायचा, आणि मग यंत्राला त्यातली अक्षरे ओळखायला लावायची. आपल्या कार्यालयांत हेच चालते आणि नियमाने त्याला मान्यता दिली. शीर्षक कोणते, तक्त्याचा स्तंभ कोणता, वाचायचा क्रम कोणता, हे फाइलमध्ये नोंदवलेले ‘टॅग केलेले पीडीएफ’ तेव्हाही अस्तित्वात होते आणि त्याचे आंतरराष्ट्रीय मानकही होते. नियमात त्याचा उल्लेख नाही. ज्यांनी ही ओळ लिहिली, त्यांनी एखादी सरकारी फाइल स्क्रीन रीडरवर शेवटपर्यंत ऐकली असेल असे वाटत नाही.

बेंगळुरूमधले दोन टप्पे

या प्रश्नाची भारतातली चर्चा बेंगळुरूला वगळून करता येत नाही. तिथल्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या २००८ साली सुरू झालेल्या संशोधन संस्थेने सुगम्यता हा आपला एक मुख्य विषय केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिने केंद्र आणि राज्य सरकारांची सुमारे ७८०० संकेतस्थळे तपासली. त्यांतली साधारण पाव संकेतस्थळे उघडलीच नाहीत. उघडली त्यांत पूर्ण निर्दोष ठरलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘सार्वत्रिक इलेक्ट्रॉनिक सुगम्यतेचे राष्ट्रीय धोरण’ मंजूर केले. ते घडवण्याच्या प्रक्रियेत या संस्थेचा सहभाग होता.

त्या अभ्यासाचे महत्त्व मान्य करूनही एक गोष्ट नोंदवायला हवी. हजारो संकेतस्थळे तपासायची तर दोष मोजावे लागतात, आणि मोजता येणारे दोष सगळे सारखे नसतात. चित्राला पर्यायी मजकूर नसणे हा एक दोष. ते चित्र नुसती नक्षी असेल तर वापरणाऱ्याचे काही अडत नाही. ते ‘अर्ज सादर करा’ असे लिहिलेले बटण असेल तर सगळेच अडते. मोजणीत दोन्हींची किंमत एक. पहिला आढावा असाच व्हायला हवा होता. पण पुढे सरकारी यंत्रणेनेही सुगम्यतेकडे दोषांची बेरीज-वजाबाकी म्हणूनच पाहिले, आणि त्यातून त्या पट्ट्या आल्या.

दुसरा टप्पा एका कंपनीचा. डॉक्टरची वेळ ठरवून देणाऱ्या, बेंगळुरूमधल्या ‘प्रॅक्टो’ कंपनीच्या ॲपविरुद्ध राहुल बजाज यांनी दिव्यांगजनांसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार केली. बजाज मूळचे नागपूरचे, दृष्टिहीन, ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला शिकलेले वकील. ‘मिशन ॲक्सेसिबिलिटी’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक आहेत. या प्रकरणात आयुक्तांनी सुगम्यतेचे बंधन खासगी आस्थापनांवरही आहे, अशी भूमिका घेतली. कलम ४६ वाचले तर दुसरा निष्कर्ष शक्य नव्हता. तरी तो कोणीतरी मोठ्याने सांगणे आवश्यक होते, कारण ‘हा कायदा सरकारी कार्यालयांपुरता’ ही समजूत उद्योगांत घट्ट बसली होती.

डॉक्टरची वेळ घेणे हे आपल्या विवेचनासाठी चांगले उदाहरण आहे. पुढचे वर्णन कोणत्याही एका ॲपचे नाही. अशा सेवांची रचना साधारण कशी असते, ते डोळ्यांपुढे ठेवून त्यात काम कुठे अडू शकते ते पाहू.

आधी एक तांत्रिक मुद्दा. स्क्रीन रीडर पडद्याचे चित्र पाहत नाही. ब्राउझर किंवा फोनची प्रणाली पानावरच्या घटकांची एक झाडासारखी रचना तयार ठेवते. तिच्यात प्रत्येक घटकाचे नाव, भूमिका आणि स्थिती असते. उदाहरणार्थ, नाव ‘पुढे जा’, भूमिका बटण, स्थिती निष्क्रिय. स्क्रीन रीडर हेच वाचून बोलतो. पान बनवणाऱ्याने खरे बटण वापरले असेल तर या तिन्ही गोष्टी जवळजवळ आपोआप मिळतात. त्याने एक रंगीत चौकोन काढून त्याला स्पर्शाची प्रतिक्रिया जोडली असेल, तर डोळ्यांना बटण दिसते पण झाडात तिथे निनावी काहीतरी असते. अनेकदा ते काहीतरीही नसते.

आता वेळ घ्यायला निघू. विशेषज्ञाचे नाव शोधले, यादी आली. प्रत्येक डॉक्टरच्या नावापुढे मानांकनाचे तारे आहेत. ते पाच स्वतंत्र चित्रे असतील तर ‘चित्र, चित्र, चित्र, चित्र, चित्र’ असे ऐकू येते. वैताग येतो, पण काम पुढे सरकते. मग तारखांची आडवी पट्टी. निवडलेली तारीख फक्त निळ्या रंगाने दाखवली असेल, तर बुधवार निवडला की गुरुवार हे ऐकून कळत नाही. इथे चूक झाली तर माणूस चुकीच्या दिवशी दवाखान्यात पोहोचतो. मग वेळांचे चौकोन. भरलेल्या वेळा करड्या रंगाच्या, मोकळ्या हिरव्या. रंगांतला फरक ज्याला जाणवत नाही त्याचीही इथे अडचण होते, आणि त्याला आपण सहसा दिव्यांगांत धरत नाही. यानंतर फोनवर सहा अंकी सांकेतिक क्रमांक येतो आणि तो तीस सेकंदांत भरायचा असतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला संदेश ऐकायचा, लक्षात ठेवायचा, परत ॲपमध्ये यायचे आणि रकाना शोधायचा असतो. हाताला कंप असणाऱ्याला सहा आकडे टंकायलाच तेवढा वेळ लागतो. शेवटी पैसे भरायचे पान, आणि तिथे वाकड्यातिकड्या अक्षरांचे चित्र: ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा.’

या दहा टप्प्यांपैकी नऊ निर्दोष असतील तर ॲप नव्वद टक्के सुगम्य आहे, असे एखादा अहवाल म्हणेल. रुग्णाला मात्र वेळ मिळालेली नाही. त्याने शेजाऱ्याला हाक मारायची, आपला आजार, आपला डॉक्टर, आपले पैसे भरायचे कार्ड त्याच्या हाती द्यायचे. त्वचारोगतज्ज्ञाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची वेळ अशी घ्यावी लागणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायची गरज नाही. स्वतः, एकट्याने आणि खासगीपणे काम करता येणे हाच या कायद्याचा गाभा आहे आणि दोषांच्या टक्केवारीत तो कुठेच दिसत नाही.

या अडचणी नव्या नाहीत आणि त्यांची उत्तरेही माहीत आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून आहेत. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीने चार मूलसूत्रे दिली: मजकूर जाणवला पाहिजे, पान चालवता आले पाहिजे, ते समजले पाहिजे आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकले पाहिजे. फक्त रंगाने अर्थ सांगू नका, वेळेची मर्यादा वाढवता येऊ द्या, साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा तेजभेद किमान ४.५ : १ ठेवा, हे सगळे तिथे आहे. ऑक्टोबर २०२३ मधल्या २.२ आवृत्तीने ओळख पटवताना लक्षात ठेवण्याच्या किंवा कोडी सोडवण्याच्या चाचण्यांवरही बंधन आणले. भारतीय मार्गदर्शक तत्त्वे याच दस्तऐवजाचा आधार घेतात आणि त्यातली मधली, ‘दुहेरी ए’ ही पातळी मागतात.

त्या पातळीतही एक फट आहे आणि मराठी वाचकाने ती मुद्दाम पाहावी. मजकूर किती कठीण असावा याविषयीचा निकष सर्वांत वरच्या, ‘तिहेरी ए’ पातळीवर आहे. म्हणून ‘उपरोक्त संदर्भाधीन शासन निर्णयान्वये सदर प्रस्तावास प्रशासकीय मान्यता प्रदान करण्यात येत आहे’ असे वाक्य घातलेले पान दुहेरी ए पातळीवर सहज उत्तीर्ण होते. बौद्धिक दिव्यांगत्व असणाऱ्याला, लहानपणापासून खुणांची भाषा हीच पहिली भाषा असलेल्या कर्णबधिर व्यक्तीला, आणि खरे तर तुम्हा-आम्हाला ते समजत नाही, ही गोष्ट तपासणीत येत नाही.

देवनागरी: न ऐकू येणारी पाने

इंग्रजी पाठ्यपुस्तकांत न सापडणारा भाग आता येतो, आणि तो आपल्या भाषांचा आहे.

युनिकोड रुळण्याआधी भारतीय भाषांत संगणकावर लिहायची युक्ती अशी होती: आत रोमन अक्षरांचे क्रमांक साठवायचे आणि फॉन्टमध्ये त्या जागी देवनागरीची चित्रे बसवायची. मराठीत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’, हिंदीत ‘कृतिदेव’, कन्नडमध्ये ‘नुडी’ अशा प्रणालींनी छापखाने आणि कार्यालये चालवली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण अशा फॉन्टमधला मजकूर स्क्रीन रीडरला मराठी वाटत नाही. त्याला आत साठवलेली रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे दिसतात आणि तो तीच उच्चारतो. डोळ्यांपुढे स्वच्छ मराठी परिपत्रक आणि कानात निरर्थक अक्षरांचा पाऊस, असा अनुभव दृष्टिहीन विद्यार्थ्याला येतो. बेंगळुरूत कन्नड परिपत्रक उघडणाऱ्याचा आणि मुंबईत मराठी परिपत्रक उघडणाऱ्याचा हा अनुभव सारखाच असतो.

युनिकोडमध्ये लिहून पीडीएफ केले तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. पीडीएफ मुळात कागदावर काय दिसेल हे नोंदवते. ‘कि’ या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी उच्चारात ‘क’नंतर येते, पण दिसते आधी. जोडाक्षरांचे एकच संयुक्त चित्र होते. फाइल बनवताना चित्रांवरून मूळ अक्षरांकडे जाणारा नकाशा नीट जोडला नसेल, तर मजकूर उलगडताना वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जातात आणि रफार गळतात. करून पाहायला सोपे आहे. एखादी मराठी पीडीएफ उघडा, एक परिच्छेद उचला, साध्या लेखन-खिडकीत चिकटवा. जे उमटेल तेच स्क्रीन रीडरच्या वाट्याला येते.

तिसरी गोष्ट अगदी लहान आहे. पान कोणत्या भाषेत आहे हे सांगणारी एक खूण वेबपानाच्या सुरुवातीलाच द्यायची असते. मराठी पानावर ती इंग्रजीची राहिली, तर ऐकणाऱ्याच्या यंत्रात मराठी आवाज असूनही इंग्रजी आवाज बोलायला येतो. देवनागरी समोर आली की तो गप्प बसतो किंवा अडखळतो. इंग्रजी साच्यावरून मराठी आवृत्ती काढताना ही खूण बदलायची राहते. ती बदलायला एका शब्दाचे श्रम लागतात. ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर आणि त्याच्याबरोबर येणारी ‘ईस्पीक एनजी’ ही वाचा-प्रणाली मराठी आणि कन्नड दोन्ही बोलते. साधन आहे, त्याला हाक मारलेली नाही.

या संदर्भात पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रमण यांचे काम लक्षात घ्या. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र शिकून त्यांनी १९९४ साली कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, गणिती मजकूर कानाला समजेल असा कसा सांगावा. पुढे त्यांनी ‘ईमॅक्सस्पीक’ ही प्रणाली लिहिली. पडद्यावर जे दिसते ते ओळीने वाचून दाखवणे हा बोलक्या संगणकाचा कमकुवत नमुना आहे, असा त्यांच्या कामाचा रोख आहे. माहितीची रचना संगणकाला माहीत असेल तर त्याने ती रचनाच कानाला सोसेल अशी सांगावी. दिनदर्शिकेचा तक्ता चौकटीचौकटीने ऐकणे आणि ‘बुधवार, १२ तारीख’ हे ऐकणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. नियम १५ लिहिणाऱ्यांपुढे पडद्याचे चित्र होते. रमण यांचे काम त्याआधी वीसहून अधिक वर्षे उपलब्ध होते.

निकाल आणि त्यापुढचा धोका

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात नियम १५ मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला. निकाल तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाचा होता. युक्तिवाद साधा पण महत्त्वाचा आहे. अधिनियम सुगम्यता बंधनकारक मानतो आणि उल्लंघनाला कलम ८९ खाली दंडही सांगतो: पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, पुढे ५०,००० ते ५ लाख. नियमाने मात्र ज्या पुस्तिकांकडे बोट दाखवले, त्यांची भाषा बहुतांशी शिफारशीची. ‘करावे’, ‘विचार करावा’ अशा भाषेवर दंड कसा करणार? न्यायालयाने तीन महिन्यांत किमान बंधनकारक नियम वेगळे काढायला सांगितले. २०२५ च्या सुरुवातीला मुख्य आयुक्तांनी सुगम्यता तपासणी न केल्याबद्दल दीडशेहून अधिक आस्थापनांना प्रत्येकी १०,००० रुपये दंड केला. एखाद्या मोठ्या कंपनीसाठी ही रक्कम किती, याचा हिशेब तुम्हीच करा.

हा निकाल मला योग्य वाटतो, तरी त्याच्या यशातच एक धोका आहे. ‘किमान बंधनकारक’ गोष्टींची यादी झाली की बाजार त्या यादीपुरतेच काम करतो. परदेशात हे झालेले आहे. संकेतस्थळाच्या कोपऱ्यात एक गोल चिन्ह चिकटवले की पान आपोआप सुगम्य होते, असे सांगून विकली जाणारी उत्पादने गेल्या दशकात पसरली. दृष्टिहीन वापरकर्त्यांनी त्यांच्याविरुद्ध वारंवार तक्रारी केल्या. ‘ॲक्सेसिबी’ या अशा एका कंपनीने आपल्या उत्पादनाविषयी दिशाभूल करणारे दावे केल्याबद्दल २०२५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला १० लाख डॉलर भरायला लावले. आपल्या ‘अ+’ पट्टीचे हे पैशाने विकत मिळणारे भावंड आहे, आणि नवे नियम आले की ते इथेही विकायला येणार.

यादीने न पकडलेली अडचण कशी असते, ते ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणात दिसते. न्या. जमशेद पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने तो निकाल दिला. बँकेत खाते उघडताना फोनच्या कॅमेऱ्यासमोर ‘पापण्या मिटा’ असे सांगून समोर जिवंत माणूस आहे याची खात्री केली जाते. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे होरपळलेल्या व्यक्तीला पापण्या मिटता येत नाहीत. प्रज्ञा प्रसून यांची प्रक्रिया याच टप्प्यावर थांबली. दृष्टिहीन वकील अमर जैन यांची याचिकाही त्याबरोबर ऐकली गेली. कॅमेऱ्यासमोर चेहरा चौकटीत बसवणे, कागदाचा फोटो नेमका काढणे आणि पडद्यावर सही करणे ही कामे एकट्याने करता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. या ॲपची सगळी बटणे नावाची असू शकतात, तेजभेद ४.५ : १ हून अधिक असू शकतो, भाषेची खूणही बरोबर असू शकते. तरी खाते उघडत नाही. चूक बटणात नव्हती. ‘जिवंत माणूस म्हणजे पापण्या मिटणारा माणूस’ हे ठरवताना खोलीत कोण कोण बसले होते, तिथे ती होती.

न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २० निर्देश दिले. पापण्यांखेरीज इतर मार्गांनी ओळख पटवणे, ठरावीक काळाने तपासणी करणे, असे मुद्दे त्यांत आहेत. माझ्या मते त्यांतला सर्वांत मोलाचा निर्देश वृत्तपत्रांतून फारसा गाजला नाही: ॲप किंवा संकेतस्थळ बाजारात आणण्याआधीच्या चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सहभागी करून घ्यावे. नियम १५ मध्ये असे एकही वाक्य नव्हते. इथे पहिल्यांदा प्रश्न पानाकडून माणसाच्या कामाकडे वळतो.

या निर्देशाचे काय होते ते पाहायचे असेल, तर संस्थांची सुगम्यता-प्रमाणपत्रे वाचताना तीन गोष्टी शोधा. चाचणी कोणी केली आणि त्यांत दिव्यांग व्यक्ती होत्या का, त्यांना त्या कामाचा मोबदला मिळाला का, आणि कोणते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहिले. मग प्रमाणपत्राची तारीख पाहा आणि तुमच्या फोनवर त्याच ॲपची नवी आवृत्ती शेवटची कधी आली ते पाहा. ॲप अनेकदा महिन्यातून दोनदा बदलतात. प्रमाणपत्र वर्षभर भिंतीवर असते, आणि ज्या आवृत्तीसाठी ते दिले होते ती आता कोणाच्याच फोनवर नसते.